दुसऱ्या भागातला तो मुलगा

"मास्टरमोशाय आर नेई." दुपारी फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. बोलत होता तो तपन, सप्रेमास्तरांचा भवानीपूरचा शेजारी. मास्तर आता नाहीत, एवढंच सांगून तो थांबला. मग माझं बंगाली किती मोडकं होतं ते त्याला आठवलं असावं, कारण तेच वाक्य त्याने एकदा हिंदीत आणि एकदा इंग्रजीत सांगितलं. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं, पण मधे बोलायला काही सुचेना, म्हणून तिन्ही भाषांत ऐकून घेतलं. सकाळी चहा घेऊन वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. कुणाकडून काही करून घेतलं नाही, कुणाला रजा काढायला लावली नाही. मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. रडू आलं ते चांगलं आठ दिवसांनी. पुरवणीच्या संपादकांनी हा लेख मागितला, आणि मी 'हो' म्हणताना मनात म्हटलं, लिहून झाला की आधी मास्तरांना फोनवर वाचून दाखवते, चुका काढतील... तेव्हा.

चुका काढणं हा त्या माणसाचा स्वभाव होता, आणि इतका निर्मळ स्वभाव मी दुसरा पाहिला नाही. दिगंबर सप्रे हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म कलकत्त्याचा, वडील रेल्वेत होते म्हणून. भवानीपूरच्या एका शाळेत गणित शिकवायचे. लग्न केलं नाही. आई आणि ते, अशी दोन माणसं, दोन खोल्या आणि ट्रामच्या रस्त्यावर उघडणारी एक गॅलरी. आम्ही बँकेच्या बदलीने तिथे गेलो ते त्र्याहत्तर साली. आमच्यासारखी बदलीवर आलेली मंडळी त्यांच्या मराठीतल्या बंगाली हेलाला हसत, आणि ते आमच्या बंगालीला हसत, त्यामुळे फिटंफाट होती. पहिल्या गणपतीत मी तिथल्या मराठी मंडळासाठी मोदक करून नेले. सगळ्यांनी वा वा केलं. मास्तरांनी दोन खाल्ले, हात धुतले आणि म्हणाले, "वहिनी, सुरुवात उत्तम, मध्य ढिला, शेवट घाईत गुंडाळलेला." मी बघतच राहिले. पण खरं सांगायचं तर शेवटचे वीस मोदक मी खरंच घाईत वळले होते.

आमच्या मंडळाचं एक मासिक निघायचं. मासिक म्हणजे स्टेन्सिलवर हाताने लिहून चक्रमुद्रित केलेली बारा-पंधरा पानं, शंभरएक घरांत वाटायची. मराठी टंकयंत्र आमच्याकडे नव्हतं आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून स्टेन्सिल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाने, जोर न कमी न जास्त, असं लिहावं लागे. चूक झाली की तो लाल द्राव लावायचा, फुंकर मारत वाळवायचा आणि त्यावर पुन्हा लिहायचं. या मासिकात सप्रेमास्तर सिनेमाची परीक्षणं लिहीत. बंगाली, हिंदी, इंग्रजी, जे मिळेल त्याची. त्यांच्या परीक्षणासाठी लोक मासिक वाचतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यात त्यांना अवघडल्यासारखं कधी वाटलं नाही. दोन नियम होते त्यांचे. जे स्वतः बघितलं नाही त्यावर एक ओळ लिहायची नाही, आणि बघितलेलं लपवायचं नाही. एकदा मंडळाच्या अध्यक्षांच्या मेहुण्याने काढलेल्या एका चित्रपटाबद्दल जरा सांभाळून लिहा, असं मी भीतभीत सुचवलं होतं. मास्तरांनी त्या मेहुण्याच्या चित्रपटाची अशी काही चिरफाड केली की अध्यक्षांनी दोन महिने आमच्या घरचा चहा घेतला नाही. मास्तरांच्या घरचा मात्र घेत होते. हा असा अन्याय मला बरेचदा सहन करावा लागला.

तर सिनेमे. डमडमला बँकेने दिलेली आमची जागा ऐसपैस होती, आणि बैठकीच्या खोलीची एक भिंत पूर्ण मोकळी. त्यामुळे दोन-तीन महिन्यांतून एका रविवारी दुपारी आमच्याकडे घरगुती सिनेमा व्हायचा. हावड्याहून ननीबाबू नावाचे गृहस्थ टॅक्सीत सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे घालून आणायचे. खिडक्यांना रजया, भिंतीवर माझ्या रुखवतातली पांढरी चादर, पुढे सतरंजीवर बायका-मुलं, मागे खुर्च्यांवर पुरुष. चादरीच्या बाजूला एका स्टुलावर सप्रेमास्तर, हातात छोटी बॅटरी आणि वही. कारण आमच्यातल्या बऱ्याच बायकांना इंग्रजी कळायचं नाही आणि मास्तरांच्या आईला तर मुळीच नाही. म्हणून मास्तर सिनेमा मराठीत सांगायचे. तेही कसं, तर कीर्तनासारखं. सुरू होण्याआधी पूर्वरंग, मग चालू सिनेमावर निरूपण, आणि रीळ बदलताना ननीबाबू दुसरा डबा उघडेपर्यंत झालेल्या कथेवर चार शब्द. इंग्लंडचा सरदार त्यांच्या तोंडून "अरे नतद्रष्टा!" असं म्हणायचा. मी पुढे मोठ्या थिएटरांत कितीतरी सिनेमे पाहिले, पण शेजारी मास्तर नाहीत म्हणून ते अर्धेच पाहिल्यासारखे वाटले.

त्यांच्या आईंना सगळे माई म्हणत. बारीक, ताठ, नऊवारीतल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे अक्षर वाचता येत नसे, पण पडद्यावरची मोठी चित्रं पुढे बसल्यावर चांगली दिसत. त्यांची जागा ठरलेली, पहिल्या रांगेत मधोमध. माईंना आणखी एक मुलगा होता, विनायक, मास्तरांहून आठ वर्षांनी लहान. बजबजला तेलाच्या डेपोत कारकून होता. एक दिवस सकाळच्या गाडीने कामाला गेला तो परत आला नाही. घरीच राहिलेल्या डब्याच्या पिशवीत चिठ्ठी मिळाली, डोंगरातल्या एका मठात जातो आहे, शोधू नका. आम्ही कलकत्त्याला गेलो त्याच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. मंडळात नव्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कानात सांगायचं आणि वर बजावायचं, त्या घरात विनूचं नाव काढू नका. माई स्वतः काढत नसत. मास्तरही नाही. मीही कधी काढलं नाही.

आणि अशा घरातली आई समोर बसलेली असताना तो इंग्रजी चित्रपट आला. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, फार मोठी कलाकृती नव्हती. बर्फातला एक जुना मठ. तिथे एक कातड्यावरचा लेख दडवून ठेवलेला, तो बाहेर आला तर म्हणे सगळं धर्मपीठ हादरेल. तो बाहेर येऊ नये म्हणून मोठमोठ्या लोकांचा गुप्त कट. आणि या सगळ्यात सापडलेला एक कोवळा मुलगा, नुकताच मठात आलेला. त्याला तो लेख सापडतो, त्याच्या मागे माणसं लागतात, आणि शेवटी तो बर्फात चालत दिसेनासा होतो. संपलं. दिवे लागले. बायका पदराने घाम पुसत उठायला लागल्या, पण माई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढे काय झालं त्या मुलाचं?" मास्तर म्हणाले, "आई, ते दुसऱ्या भागात. अजून निघायचाय."

त्या दिवसापासून माई मला भेटल्या की विचारत, दुसरा भाग आला का गं? त्यांना वाचता येत नसे म्हणून मासिक निघालं की शनिवारी दुपारी भवानीपूरला जाऊन ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मास्तर स्वतःचं लिखाण स्वतः वाचून दाखवत नसत, ते त्यांना आत्मस्तुतीसारखं वाटायचं. (बाकी बाबतींत असला संकोच त्यांना अजिबात नव्हता.) माई ऐकायच्या, मधेच थांबवून शंका विचारायच्या, आणि निघताना हमखास तो प्रश्न. मी हसून म्हणायची, येईल हो माई. एवढं आपण कशाला विचारतोय हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोघी सिनेमाबद्दलच बोलत होतो.

दुसरा भाग आला तीन वर्षांनी. ननीबाबूंनी कुठूनसा मिळवला, सोमवारी सकाळी परत करायच्या बोलीवर. मास्तरांनी तो आधी पाहिलेला नव्हता. कधीच पाहत नसत, पहिल्यांदा पाहतानाच सांगण्यात मजा आहे असं म्हणत. त्या रविवारी आमच्याकडे चाळीसएक माणसं होती. पूर्वरंग झकास झाला. पहिलं रीळ संपलं, दुसरं लागलं. या भागात त्या मुलाची आई त्याला शोधत मठात येते. दार उघडत नाहीत, खोटं सांगतात, हाकलून देतात, ती बाहेर बर्फात बसून राहते. माई पुढे सरकून बसल्या. मी मास्तरांकडे पाहत होते. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. तिसऱ्या रिळात एक म्हातारा साधू तिला आत बोलावतो, एका कपाटातून एक चष्मा काढतो आणि तिच्या हातावर ठेवतो. मुलाचा चष्मा. आणि इंग्रजीत अगदी स्पष्ट सांगतो की तुझा मुलगा त्याच हिवाळ्यात गेला, त्याला आम्ही इथेच पुरलं. ती बाई तो चष्मा छातीशी धरून रडायला लागते.

मास्तर काही बोललेच नाहीत. आणि नेमके त्या क्षणी दिवे गेले.

त्या काळात दिवे जाणं नवीन नव्हतं, पण असे वेळ साधून जातील असं वाटलं नव्हतं. प्रोजेक्टर घरघरत थांबलं, कुणीतरी एका खिडकीची रजई बाजूला केली, खोलीत दुपारचा लख्ख उजेड आला. आणि माईंनी मान वळवून विचारलं, "काय म्हणाला रे तो म्हातारा? सापडला का मुलगा?"

मास्तरांनी वही मिटली. "सापडला, आई. दुसऱ्या मठात आहे. खुशाल आहे. चष्मा इथे विसरून गेला होता."

इंग्रजी कळणारी निम्मी खोली छताकडे बघायला लागली. आमचे जोशी इंजिनिअर, अतिशय सज्जन आणि तितकेच बावळट, म्हणाले, "अहो मास्तर, पण तो तर—" मी त्यांच्या हातात चिवड्याची बशी अशी काही दिली की निम्मा चिवडा त्यांच्या मांडीवर. ननीबाबूंना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलं आहे एवढं कळलं. त्यांनी हळूच विचारलं, "मास्टरमोशाय, बंद कोरबो?" बंद करू का? मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

वीस मिनिटांनी दिवे आले आणि शेवटचं रीळ लागलं. ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते. कारण एकदा थाप मारली की ती शेवटपर्यंत ओढावी लागते. पडद्यावर ती आई कबरीपाशी उभी, आणि मास्तर सांगत होते की हा दुसराच एक म्हातारा साधू वारला आहे, तिला त्याचं वाईट वाटतंय. दगडावर मुलाचं नाव कोरलेलं, सुदैवाने इंग्रजीत. आई त्या कटवाल्या लोकांसमोर उभी राहून त्यांचं सगळं बिंग फोडते, ते मास्तरांनी बरोबर सांगितलं, पण का फोडते त्याचं कारण सांगता येईना, म्हणून म्हणाले, "तिला अन्याय सहन होत नाही." चाळीस माणसांत एकही जण हसला नाही. संपल्यावर माई उठल्या, मला म्हणाल्या, चहात आलं छान होतं. मास्तरांनी त्यांना हात धरून टॅक्सीत बसवलं.

पुढच्या आठवड्यात परीक्षण हातात पडलं. स्टेन्सिलला बसण्यापूर्वी मी ते वाचायची. पहिली दीड पानं मास्तरी थाटाची. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सैल आहे. पहिल्या भागात जे अंधारात होतं ते इथे उजेडात आणून ठेवल्यामुळे भीती निघून जाते. कट करणारे लोक एवढ्या मोठ्या अंगठ्या घालून हिंडतात की त्यांना लपून काहीही करता येणं अशक्य आहे. मी एकटीच हसत होते. मग शेवटचा परिच्छेद आला. तो मला आजही पाठ आहे. "एक दुरुस्ती. रविवारी हा चित्रपट सांगताना मी श्रोत्यांना सांगितलं की तो मुलगा दुसऱ्या मठात खुशाल आहे. तसं नाही. तो गेलेला आहे. त्याच्या आईला हे कळतं, आणि कळल्यानंतरच ती उठून उभी राहते. साऱ्या चित्रपटात खरा प्रसंग तेवढाच आहे, आणि नेमका तोच मी लपवला. माझ्यावर विसंबून ज्यांनी हा चित्रपट पाहिला त्यांची मी मनापासून क्षमा मागतो."

मी तशीच उठून भवानीपूरला गेले. मास्तर शाळेतून नुकते आले होते, खाली फाटकापाशीच गाठलं. म्हटलं, "हे कशाला? कुणी विचारलंय तुम्हाला? ज्यांना कळलं ते बोलणार नाहीत, ज्यांना कळलं नाही त्या सुखात आहेत."

"परीक्षण आहे वहिनी. जे पाहिलं ते लिहिलं."

"आणि माई? मी वाचून दाखवते ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "ठाऊक आहे. लिहिलंय तसं उतरवा. एक अक्षर बदलू नका." आणि वर निघून गेले. मला इतका संताप आला होता की परत येताना बस चुकली. नियम म्हणजे नियम, मग आईच्या जिवाला काही होवो, असला कसला हा माणूस! स्टेन्सिलवर तो परिच्छेद लिहिताना माझा हात इतका जड पडला की कागद दोन ठिकाणी फाटला. पण उतरवला. आणि त्याच वेळी ठरवूनही टाकलं, माईंना वाचताना हा परिच्छेद गाळायचा. मासिक शंभर घरांत जाईना का.

शनिवारी गेले. मास्तर शिकवणीला बाहेर होते. माई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नेहमीसारखं सगळं वाचलं, अंगठ्यांच्या वाक्याला त्या खुदकन हसल्या. तो परिच्छेद संपवला, आणि पान उलटून म्हटलं, "झालं. आता पाककृती."

माई म्हणाल्या, "नाही झालं. दिगू असा मधेच थांबत नाही. तू काहीतरी गाळलंस."

मी म्हटलं, नाही हो माई. त्यांनी हात पुढे केला, मासिकाची पानं माझ्या हातून घेतली आणि बोटाने चाचपली, जणू अक्षरं हाताला लागणार होती. मग परत माझ्याकडे दिली. "वाच." मी वाचलं. वाचताना मला मास्तरांचा, मंडळाचा, बँकेच्या बदल्यांचा, सगळ्याचा राग येत होता. संपल्यावर वर बघायचा धीर होईना. खाली एक ट्राम घंटा वाजवत गेली. तेव्हा माई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. मला इंग्रजी येत नाही, पण चष्मा विसरला म्हणून कुठली आई अशी रडत नाही."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"दिगू सांगत होता ना." मग म्हणाल्या, "शैला, परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीला त्याने करंजीला हात लावला नाही. दात दुखतो म्हणाला. पहाटे अभ्यंग केलं नाही, सर्दी झालीय म्हणाला. आकाशदिवा लावायचा राहिला. वर्षभर सणाला घरात गोडाचा पदार्थ झाला की त्याचं काहीतरी दुखायचं." मला अजूनही उलगडा होत नव्हता. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? पण डोकं तिथवर पोचतच नव्हतं. माईंनीच सांगितलं. "तो दुखवटा पाळत होता. एकटाच. मला कळू न देता."

मग लख्खकन सगळं समजलं. परिच्छेद सिनेमाबद्दल नव्हताच. किंवा होता, पण तेवढाच नव्हता. जे तोंडाने सांगता येईना ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि ते आईपर्यंत पोचवायला मी होते, दर महिन्याची, ठरलेली! पुढे महिनाभर मी मास्तरांशी धड बोलले नाही. अहो, विचारायचं तरी एकदा. त्यांनी नंतर कबूलही केलं, आणि वर म्हणाले, "वहिनी, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि मग मला स्वतःला सांगावं लागलं असतं." मी क्षमा केली, कारण अशा माणसाला क्षमा करण्यावाचून गत्यंतर नसतं. "मी गेल्यावर लिहा हे," असं गेल्या वर्षी फोनवर तेच म्हणाले होते, "पण घाईत गुंडाळू नका."

गुंडाळत नाही.

त्या शनिवारी मी जायला उठले तर माईंनी माझा हात धरून बसवून ठेवलं. साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली. मास्तर दाराशी आले, माझ्या मांडीवरचं मासिक पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि चपला काढायच्या विसरून तसेच उंबऱ्यात उभे राहिले. माई म्हणाल्या, "दिगू, सिनेमाचं खरं सांगितलंस. आता विनूचं सांग."

विनू हे नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

मास्तर उभ्याउभ्याच बोलायला लागले, वर्गात शिकवल्यासारखे, एकही शब्द न अडखळता. दोन वर्षांपूर्वी तार आली होती, घरी नव्हे, शाळेच्या पत्त्यावर. विनूनेच तो पत्ता मठात देऊन ठेवला होता. मास्तर घरी परीक्षेच्या कामाला पाटण्याला जातो असं सांगून निघाले. गाडी, मग बस, मग सहा तास चालत. पोचले तेव्हा विनूला ताप मेंदूत चढलेला, ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी गेला. त्याला दीक्षा अजून दिलेली नव्हती, म्हणून अग्नी घरच्या माणसाने द्यावा असं तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं. नदीकाठी दिला. पाऊस होता, लाकडं ओली होती, वेळ लागला. दहावं-बारावं वाटेत हरिद्वारला उरकलं, आणि मग घरी आले. आल्यावर सांगणारच होते. उंबऱ्यात पाय ठेवला तर माईंनी विचारलं, पाटण्याला जेवणाचे हाल झाले का रे? ते "हो" म्हणाले, आणि मग राहूनच गेलं...

माईंनी रडणं-ओरडणं काही केलं नाही. प्रश्न विचारत राहिल्या, एकेक, सावकाश. ताप किती दिवस होता? डॉक्टर होता का? अंगावर पांघरूण होतं का? काही बोलला का? मास्तर उत्तरं देत गेले. मी खाली फरशीकडे बघत होते.

"शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होतो, आई."

माईंनी मान वर केली. "आणि तुझ्याजवळ?"

मास्तर, ज्यांना कुठल्याही गोष्टीवर तीन पानं लिहिता येत होती, ते तसेच दाराशी उभे राहिले. माई हळूच भिंतीकडे सरकल्या आणि खाटेवर त्यांच्यासाठी जागा केली.